दाजी विमानात का नाहीत

मार्क्वी, सेंट अँड्र्यू, ग्रेनेडा
सोमवार, रात्री

तीर्थस्वरूप लिओनीताईस,

धाकट्या इस्मेचा नमस्कार. गुडघा वाकत नाही, म्हणून उभ्यानेच केला आहे, तो गोड मानून घे.

हे पत्र तुझ्या हातात ठेवणारी मुलगी म्हणजे पाववाल्या मिस क्लॅरिसची सून, मर्ल. तिच्या मागे बघू नकोस, तिच्या मागे कोणी नाही. म्हणजे विमानातली बाकीची माणसं असतील, पण त्यांत दाजी नाहीत. आधी त्या विमानतळावर एखादी खुर्ची शोधून बस, कोटाची बटणं लाव (तुझा खोकला मला इथवर ऐकू येतो) आणि मग वाचायला घे. दाजी धडधाकट आहेत. पोटभर जेवले आहेत. हाड मोडलेलं नाही, ताप नाही, दवाखाना नाही, पोलीस नाही. (एक पोलीस होता, पण तो केक खायला थांबला होता.) आणि ताई, तुझी लहानपणापासूनची खोड मला ठाऊक आहे. आजीने गोष्ट सुरू केली की तू शेवट आधी विचारायचीस. तेव्हा पानं उलटून शेवटाकडे उडी मारू नकोस. मी जे भोगलं ते तूही ओळीने भोग.

तुझी तब्येत कशी आहे? सांधे? चर्चच्या गायनात तुझी पुढची जागा त्या बार्बेडोसच्या बाईने बळकावली हे वाचून माझं डोकं असं तापलं की मी त्या दिवशी शेळीवरसुद्धा ओरडले. इकडे सर्व ठीक. जायफळं बरी लागली आहेत. छप्पर गळतं तिथेच गळतं आहे, नवीन कुठे नाही.

आता मुद्द्यावर येते. तू लिहिलं होतंस, 'इस्मे, ह्यांना एकट्यांना पाठवते आहे. पंधरा दिवस नीट ठेव आणि एक दिवस तुझ्या जीपमधून सगळं बेट फिरवून आण. जे जे चांगलं आहे ते दाखव. मन वळलं तर आम्ही कायमचे घरी येऊ. नाही वळलं तर माझी माती इथल्याच थंडीत पडेल.' हे वाक्य लिहायची काही गरज होती का गं? मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि कोकोचा चहा उतू गेला. माझ्या खिडकीतून समोर काय दिसतं? तुमच्या घराचे खांब. तुम्ही हौसेने पाया घातलात, खांब उभे केलेत, वरून लोखंडी सळया आकाशाकडे काढून ठेवल्यात आणि लंडनला निघून गेलात. इतकी वर्षं मी त्या सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घालते आहे. माझ्या आयुष्यात शेजार म्हणून मला एक दोरी आणि एक शेळी एवढंच मिळालं. तेव्हा दाजींचं मन वळवणं ही तुझ्याइतकीच माझीही गरज होती, हे लक्षात ठेव आणि पुढे वाच, म्हणजे मी किती सोसलं ते कळेल.

तर दाजी आले. पहिल्या दिवसापासून तोंड वाकडं. ऊन फार. डास फार. कोंबडा फार लवकर आरवतो (कोंबड्याला काय मी चावी देते?). आणि सकाळ झाली की फाटकाशी खुर्ची टाकून, हातातल्या घड्याळाकडे बघत, ग्रेनव्हिलच्या बसगाड्या मोजत बसायचे. गाडी आली की म्हणायचे, 'ही आत्ता का आली?' मी म्हणायचे, 'भरली म्हणून आली, दाजी.' तर माझ्याकडे असं बघायचे, जसं काही मीच ती मुद्दाम उशिरा भरली. तू लिहिलं होतंस ना, की निवृत्त झाल्यापासून ते तिकडे खिडकीत बसून लाल बसगाड्यांच्या वेळा तपासतात आणि बस उशिरा आली की जेवत नाहीत? इकडे येऊन फक्त खिडकी बदलली.

त्यांना बघायचं होतं ते एकच, काँकॉर्डचा धबधबा. कारण काय, तर तुमच्या शेजारचे ते मिस्टर प्रिचर्ड. ते म्हणे दोन वर्षांपूर्वी आपल्या बेटावर सुट्टीला येऊन गेले, सगळं बघून गेले, आणि तेव्हापासून कुंपणावरून रोज विचारतात, 'काय अल्बन, तो धबधबा पाहिलायस ना तू?' आणि दाजी मान डोलावतात. ताई, विशी उलटेपर्यंत हा माणूस इथे वाढला. धबधब्याकडे कधी ढुंकून बघितलं नाही. कशाला बघेल? पाणी वरून खाली पडतं, त्यात बघायचं काय? पण एका इंग्रजाने बघितलं म्हटल्यावर ती मानापमानाची गोष्ट झाली. मी म्हटलं चला, धबधबा तर धबधबा, मन वळल्याशी कारण.

आता बेट फिरायला जाताना पहिला नियम कोणता? कोणाला सांगायचं नाही. मी अख्ख्या गावाला सांगितलं होतं की शनिवारी दात काढायला जाते आहे. शेजारणीला पटावं म्हणून गालावर फडकं बांधून अंगणात दोन फेऱ्यासुद्धा मारल्या. आणि शुक्रवारी दाजी पाव आणायला मिस क्लॅरिसच्या दुकानात गेले, आणि तिथे रांगेत उभ्या असलेल्या समस्त सेंट अँड्र्यूसमोर, टोपी काढून, म्हणाले, 'उद्या आम्ही बेटाला पूर्ण फेरी मारणार आहोत.' वर विचारलं, 'कोणाला तिकडे काही काम नाही ना?' म्हणे लंडनला असं विचारणं सभ्यपणा असतो. कारण तिकडे कोणी 'आहे' म्हणत नाही!

शनिवारी उजाडताना फाटक उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. एक गादी. हिरव्या केळ्यांचे घड. एक बोकड, सोटेर्सच्या कोणाला द्यायचा. मिस क्लॅरिसचा लग्नाचा केक, तीन मजली, काळ्या मनुकांचा, वर साखरेचे गुलाब, दुपारपर्यंत गुयावला पोचायचा. आणि नव्वदीच्या घरातल्या, साऱ्या गावाच्या मावशी टँट युजेनी, टोपी, हातमोजे, छत्रीसकट, व्हिक्टोरियाला भाचीकडे जायला तयार. दाजी म्हणाले, 'नाही म्हणून सांग.' मी नाही म्हणून सांगू? वादळात माझं छप्पर उडालं तेव्हा दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन कोण आलं होतं, मिस्टर प्रिचर्ड? मिस क्लॅरिस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'मिस इस्मे, दाताचं दुखणं उतरलेलं दिसतंय हो!' मी गादी छपरावर बांधायला लागले.

टँट युजेनी पुढे बसल्या, कारण त्या पुढेच बसतात. मागे दाजी, त्यांच्या मांडीवर केक आणि शेजारी बोकड. वेष काय, तर अर्धी विजार, फुलाफुलांचा सदरा, गळ्यात कॅमेरा. टँटना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्यांनी मागे मान वळवून विचारलं, 'इस्मे, हा गोरा कुठे मिळाला तुला?' त्या क्षणी मला तो गोरा असता तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

जीप चालवणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. डावीकडचं दार दोरीने बांधलेलं, चढावर दुसरा गिअर आपोआप सुटतो, तो गुडघ्याने दाबून धरावा लागतो (हाच तो न वाकणारा गुडघा). त्यात दाजी मागून सूचना देणार. वळण आलं की 'हळू'. उतार आला की 'हळू'. मी भोंगा वाजवला की 'कशाला वाजवलास?' अहो, ती मिस्टर फिलिपची बहीण होती, ओसरीवर बसली होती! न वाजवता गेले असते तर संध्याकाळी माझ्या दारात येऊन विचारलं असतं, काय चुकलं माझं? टिव्होलीच्या वळणावर समोरून ट्रकवाला आला, आम्ही दोघं गाड्या थांबवून चार शब्द बोललो. त्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, विचारायला नको? दाजी घड्याळ दाखवत म्हणाले, 'रस्त्याच्या मधोमध?' मग काय, खड्ड्यात उतरून विचारू?

पण खरा छळ पुढेच होता. दाजी एकेकाळी लंडनच्या बसवर कंडक्टर. तिकडे एकदा घंटा दिली म्हणजे थांबा, दोनदा दिली म्हणजे चला. मी कोणाशी बोलत थांबले की दाजी जीपच्या पत्र्यावर दोनदा टक टक करणार, म्हणजे निघ. आणि इथे पत्र्यावर टकटक केलं म्हणजे उतरायचं आहे, थांबव, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझा पाय आपोआप ब्रेकवर. मी थांबले की ते पुन्हा टक टक. मी म्हणे, 'उतरा मग!' ते म्हणे, 'निघ की!' अशा रीतीने आम्ही एका चढावर एवढ्या वेळा थांबलो की मागच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून विचारायला आला, कोणाला उलटी होते आहे का. या सगळ्या धक्क्यांत बोकडाने साखरेचे गुलाब खाल्ले. एका बाजूचे सगळे, मुळासकट, दोन मजल्यांवरचे. दाजी शपथेवर सांगतात की त्यांची नजर एक क्षणही हलली नव्हती. मग नजर कुठे होती? घड्याळावर.

सोटेर्सला पोचलो तर ज्याचा बोकड तो घरी नाही. कुठे? गावातल्या म्हाताऱ्या शिंप्याच्या मातीला. मग काय करणार? माणूस वारला आहे, चर्चच्या दारात अख्खा गाव उभा आहे, आणि तिथून बोकड देऊन निघून जायचं? तोंड दाखवावंच लागतं. दाजी म्हणाले, 'मी गाडीत बसतो, माझ्या अंगात अर्धी विजार आहे.' पण टँट युजेनींना चालायला हात हवा होता, आणि तो हात दाजींचाच धरला. सगळी माणसं काळ्या सुटात, आणि मधून हा फुलांचा सदरा आणि दोन उघडे गुडघे. लाज वाटली गं मला. पहिल्याच बाकावर जागा दिली लोकांनी, पाहुणे म्हणून.

ताई, आता पुढचं मी थट्टेत लिहिणार नाही, जरा वेळ.

स्तोत्र सुरू झालं. दाजी आधी पुटपुटत होते, मग त्यांचा तो खालचा जाड आवाज लागला. टँट युजेनींनी गाणं मधेच सोडलं आणि चेहरा त्यांच्याकडे वळवला. बाहेर कबरस्तानात आल्यावर म्हणाल्या, 'हा आवाज मॉडच्या पोराचा आहे. तू मॉडचा अल्बन ना रे?'

दाजी म्हणाले, 'होय, टँट.'

'आईच्या मातीला कुठे होतास?'

'सुट्टी मिळाली नाही, टँट.'

'असं.' मग छत्री टेकून उभ्या राहिल्या. 'पेटी उचलायला सहा लागतात. पाच होते. लेकाची जागा मोकळी होती. मी रस्त्यात जाऊन आडवी उभी राहिले. बस येत होती, भरलेली. ड्रायव्हर उतरला, टोपी काढली आणि खांदा दिला. पार वर टेकडीपर्यंत. बसमधली माणसं उन्हात बसून राहिली, एकाने कुरकुर केली नाही.'

'कोण होता तो?'

'कोण जाणे बाबा. बसवाला होता. थांबला.'

कॅमेरा गळ्यातून काढून दाजींनी माझ्या पिशवीत टाकला. मॉडकाकींच्या मातीला मीही होते, ताई, पण गर्दीत मागे, आणि हे मला कधी कळलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, संपलं. इस्मे, तू त्यांना बेट दाखवायला आणलंस आणि हे दाखवलंस. आता हा माणूस मंगळवारच्या विमानात बसेल तो पुन्हा या मातीला पाय लावणार नाही. खांबांवर मी मरेपर्यंत कपडे वाळत घालीन. मला तिथेच रडू आलं, आणि लोकांना वाटलं शिंप्यासाठीच रडते आहे. त्यांनी मला पंखा दिला.

आता पुन्हा वैतागते, कारण वैतागण्यासारखंच झालं. म्हाताऱ्या माणसांना टेकडीवरून खाली घरी न्यायला जी बस ठरवली होती ती आलीच नाही. फाटकाशी काठ्या, टोप्या, पंखे यांचा नुसता घोळ. कोणी पुढे, कोणी मागे, दोघीजणी भांडायला लागल्या. दाजी ते बघत उभे होते. आणि एकदम त्यांचा आवाज आला, 'एका ओळीत, बायांनो! काठीवाले आधी! घाई नाही, जागा सगळ्यांना आहे!' फुलांचा सदरा घातलेला हा माणूस फाटकाशी हात आडवा धरून उभा आणि सोटेर्सची मंडळी गुमान रांगेत! मला म्हणाले, 'इस्मे, गाडी फिरव.' गादी छपरावर, केक मर्तिकाच्या घरच्या बाईच्या हातात, बोकड एकदाचा त्याच्या मालकाच्या स्वाधीन, आणि आम्ही खेपा घालतोय. दाजी मागच्या पायरीवर उभे राहून, 'आत सरका, आत सरका, मावशी पाय सांभाळा.' तेवढ्यात धबधब्याची वेळ गेली. मी म्हटलं, दाजी, उशीर होतोय. तर मलाच दटावलं, 'अजून चार जणी राहिल्यात, दिसत नाही?'

पुढचं थोडक्यात सांगते (खोटं, पण प्रयत्न करते). मर्तिकाच्या घरी जेवल्याशिवाय सोडलं नाही, नीरफणस आणि अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, ताटभर. व्हिक्टोरियाला टँटच्या भाचीने जेवल्याशिवाय सोडलं नाही, तेच, ताटभर. गादीवाल्यांनी तर वर खारा मासाही वाढला. गुयावला पोचलो तर वधूची आई भर रस्त्यात उभी, नवरानवरी चर्चमधून आलेली, पाहुणे बसलेले, आणि केकला एका बाजूने बोकड लागलेला. ती तोंड उघडणार एवढ्यात दाजी म्हणाले, 'बाई, एक मिनिट,' आणि शेजारच्या जायफळाच्या झाडाखालून ओंजळभर फुटलेली फळं गोळा करून आणली. ती लाल जाळीदार जायपत्री आत दिसत होती तशीच, एकेक, गुलाबांच्या जागी लावली. काळ्याभोर बियांवर लाल जाळी आणि खाली पांढरी साखर. ताई, खरंच सुंदर दिसलं. वधूची आई म्हणाली हीच नवी पद्धत का? दाजी म्हणाले, लंडनला सध्या असंच करतात. (ऐकतेस ना?) तिथे तो पोलीस होता. त्याने केक खाल्ला, दाजींना विचारलं की तुम्ही एवढे प्रवासी नेता, परवाना आहे का, आणि मग स्वतःच घरापर्यंत सोडता का म्हणून मागे चढून बसला.

सूर्य समुद्राला टेकत होता तेव्हा आम्ही काँकॉर्डच्या फाट्याशी आलो. पोलीस उतरून गेला होता. गाडीत पहिल्यांदाच फक्त आम्ही दोघं. मी ठरवलं, काही होवो, आज हा माणूस धबधबा बघणार. वळणार एवढ्यात फाट्याशी एक बाई दिसली, पायाशी कंदांचं टोपलं, हात वर केलेला. विचारलं तर गुयावला जायचं, म्हणजे आम्ही जिथून आलो तिकडेच उलट. शेवटची बस निघून गेली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा वर हात केलेल्या माणसाला म्हटलं, 'माफ कर गं बाई.' आणि मागून पत्र्यावर टक झालं. एकदाच.

मी थांबले. मागे वळून म्हटलं, 'दाजी, धबधबा!'

म्हणाले, 'धबधबा कुठे जातोय? बस गेली आहे.'

मग मात्र माझा तोल सुटला. दिवसभराचं सगळं बाहेर आलं. म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, मी हौसेने हिंडते आहे? तुमच्या बायकोने लिहिलंय म्हणून हिंडते आहे! तिला घरी यायचंय! तुमचं मन वळवायला धबधबा दाखवायचा होता, आणि तुम्ही मला मर्तिकं आणि बोकड दाखवताय! ती बाई टोपल्यासकट हे सगळं ऐकत उभी.

दाजी शांतपणे म्हणाले, 'ठाऊक आहे. बॅग भरताना लिओनी सारखं सांगत होती, इस्मे काहीही बोलली तरी मनावर घेऊ नका. तेव्हाच कळलं तुमचं दोघींचं काहीतरी शिजतंय.' मग खाली उतरून टोपलं उचलून आत ठेवलं आणि म्हणाले, 'मला इथे यायला नको नव्हतं गं. इथे येऊन करायचं काय, ते कळत नव्हतं. खिडकी तिथेही आहे, इथेही आहे.'

त्या बाईने यावर आपलं मत दिलं. 'दादा,' ती म्हणाली, 'खिडकीत बसायचंच असेल तर चालत्या गाडीच्या बसावं.' आम्ही तिला गुयावला सोडलं. (तिने जेवल्याशिवाय सोडलं नाही.)

काल रविवारी चर्चमध्ये चार जणांनी मला बाजूला सारून त्यांना विचारलं, 'मिस्टर अल्बन, आता तिकडे कधी?' आज सकाळी माझ्या ओसरीवर पुन्हा बोचकी. दाजींनी घड्याळाला चावी दिली, लांब विजार घातली आणि माझ्याच जीपची किल्ली माझ्याच हातातून घेतली. मी म्हटलं मी चालवते. म्हणाले, 'तू हळू चालवतेस.' हळू! मग मला मागे बसवलं, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, दुपारी घरी आणून सोडलं आणि पुन्हा निघाले. त्यांनी वेळापत्रक केलं आहे, प्रत्येक गावाला नेमकी मिनिटं. ते कोणी पाळत नाही, तेसुद्धा पाळत नाहीत, कारण प्रत्येक ओसरीपुढे भोंगा वाजवायला थांबतात. परत आले ते तिन्हीसांजेला, उन्हाने काळवंडून, दोन नीरफणस हातात घेऊन, शीळ घालत. जेवताना म्हणाले, 'इस्मे, उद्या मला विमानाला जमायचं नाही. सोटेर्सच्या एका बाईंना दवाखान्यात न्यायचं कबूल केलं आहे.'

मी म्हटलं, हे लिओनीताईला कोण सांगणार? ताई, लंडनच्या दारुड्यांना बसमधून खाली उतरवणारा हा माणूस एकदम ताटात बघायला लागला. त्यांनी दुपारी प्रयत्न केला होता म्हणे. तुला फोन करायला ग्रेनव्हिलच्या फोन ऑफिसात गेले, तिथे रांग नीट नव्हती, ती लावली, मग ज्यांचं बोलणं आधी व्हायला हवं त्यांना पुढे सोडलं, आणि स्वतःची पाळी येईपर्यंत ऑफिस बंद झालं. मी म्हणते हा भित्रेपणा आहे. ते म्हणतात ही शिस्त आहे. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे, मर्ल पहाटे निघणार, आणि ते आत घोरताहेत.

सारांश काय, तर मला हा माणूस झेपत नाही. माझी जीप गेली, माझी पुढची जागा गेली, सकाळचा चहा सहाला हवा, तोही मिनिटभर इकडेतिकडे नको. आता तूच ये आणि तुझा नवरा तुझ्या ताब्यात घे. तिकडच्या मोठ्यांना माझा नमस्कार सांग. मोठी माणसं फारशी उरली नसतील तर तो नमस्कार तूच ठेवून घे.

तुझी दमलेली,
इस्मे

ता. क. येताना कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीतली दाजींची टोपी आण. पोस्टाने पाठवू नकोस, चेपेल. ते म्हणतात, टोपी असली की लोक आत सरकतात.

दुसरा ता. क. दाजींनी निरोप दिलाय की मिस्टर प्रिचर्डना सांग, अल्बन धबधब्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आला, पण कामात होता. आणि ते हसले नाहीत तर त्यांच्याकडे त्या धबधब्याचा फोटो आहे त्याची एक प्रत माग. मला भिंतीवर लावायची आहे. मीही तो कधी पाहिलेला नाही, पण हे त्यांना सांगू नकोस.

शेवटचा ता. क. (तू हा आधी वाचला असशील तर मी तुला क्षमा करते.) आज दुपारी मी तुमच्या खांबांवरची दोरी सोडली. शेळी दुसरीकडे बांधली. गवंडी येत्या सोमवारी येतो म्हणालाय, त्याला दाजींनीच आणला, जीपमधून, मागच्या सीटवर, माझ्या शेजारी. तेव्हा ताई, येताना तिकडून कपडे वाळत घालायची एक चांगली लांब दोरी आण. आता माझ्या कपड्यांना कुठे जागाच उरलेली नाही.